रोज तांब्याभर पाणी

कोणी विचारलं नाही तरी स्नेक प्लांट जगतं. म्हणूनच वृद्धाश्रमात टाकलेल्या बापाच्या खिडकीत मुलाने तेच आणून ठेवलं. "बाबा, महिन्यातून दोनदा पाणी, बास. बाकी काही बघायला नको," म्हणाला आणि गेला, तो महिनोन्महिने फिरकलाच नाही.

म्हातारा मात्र रोज सकाळी तांब्याभर पाणी कुंडीत ओतायचा. मुळं सडली, पानं पिवळी पडून आडवी झाली.

"अहो काका, झाडाच्या जिवावर उठलात की काय?" खोली झाडणाऱ्या मावशी ओरडल्या. "वर्षातलं दुसरं झाड हे! पहिलंही असंच बुडवून मारलंत."

"मारलं ना? मग नवीन घेऊन कोण आलं?" म्हातारा हसला. "स्वतः आला होता. या खुर्चीत अर्धा तास बसला. चहासुद्धा प्यायला."

मावशींनी कपाळावर हात मारला. मग आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणीही त्या कुंडीत रिकामं केलं, आणि झाड मेल्याचं मुलाला स्वतःच फोन करून कळवलं.



आठवड्याने कुरिअरने खोकं आलं, आत प्लास्टिकचं झाड होतं आणि चिठ्ठी, "बाबा, याला आता पाणीही नको."