शेजारचा तारा

तारा स्पंदतो तेव्हा साक्षात विश्व श्वास घेत असतं. मृण्मयीनं पीएचडीसाठी तो श्वास तीन वर्षं मोजला. मग कळलं, श्वास शेजारचा तारा घेत होता.

अवकाश दुर्बिणीच्या चित्रात दोघे एकाच ठिपक्यात मावले होते. उजेड कमीजास्त होत होता तो शेजाऱ्याचा. तिचा तारा ढिम्म होता. “पीएचडी गेली, सर,” म्हणत ती रडायलाच लागली.

“रडू नकोस गं,” तिचे मार्गदर्शक घैसास सर म्हणाले. “शेजारची फोडणी आपल्या घरात दरवळतेच. आता शेजाऱ्यावरच लिही. त्याला कुणी हात लावला नसेल.”

मृण्मयीनं डोळे पुसून जुने शोधनिबंध चाळले. “लावलाय, सर.”

“कुठल्या गाढवानं?”

“तुम्ही.”

तीस वर्षांपूर्वी सरांची पीएचडी त्याच शेजाऱ्यावर झाली होती.