अकरा नंबरची भूक

“अकरा नंबर आज जाणार,” ती प्रयोगशाळेतल्या वजनकाट्याकडे बघत म्हणाली.

उंदीर प्लास्टिकच्या डब्यात बसला होता. पंजे सुजून टम्म झालेले. काट्यावरचा आकडा दोनदा हलला आणि थांबला. मूळ वजनाचा पाचवा हिस्सा उतरला होता. नियम स्पष्ट होता. एवढं वजन उतरलं की त्या जिवाला आणखी झिजू द्यायचं नाही. दुपारी इंजेक्शन, मग मेंदू तपासायला.

तिला मेंदूच हवा होता. या उंदरांना मुद्दाम संधिवात दिलेला होता. माणसांना होतो तसाच, ज्यात शरीराची राखण करणारी फौज घरच्याच सांध्यांवर उलटते. सांधे सुजतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिचं म्हणणं त्यापुढचं होतं. ही आग मेंदूपर्यंत पोचते आणि भूकच मारून टाकते. सहा आठवडे ती रोज सकाळी पिंजऱ्यांच्या जाळीतलं उरलेलं खाद्य काढून तोलत होती. निरोगी उंदीर जाळी फस्त करत. आजाऱ्यांची जाळी भरलेलीच राही. आकडे तिच्या बाजूने बोलत होते.

या म्हणण्यामागे आई होती.

आई याच दुखण्याने वाळत गेली. दर रविवारी ही तिच्याकडे जायची. आईचे खांदे धरलेले, हात वर जाईनात, म्हणून वेणी घालून द्यायची, मग स्वयंपाक करायची. रविवारी आई पोटभर जेवायची. “तू आलीस की जेवण जातं गं,” म्हणायची. एरवी चहा आणि बिस्किटं. का, म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं. भूकच लागत नाही. ही चिडायची. “लहान मुलासारखं काय करतेस? खायला कोणी अडवलंय का तुला?” एकदा तर वजनाच्या काट्यावर उभं करून, आकडा मोठ्याने वाचून दाखवला होता. आई ओशाळून खाली उतरली होती. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, वाढवल्या. चार महिन्यांपूर्वी साध्या तापाचं निमित्त झालं. झुंजायला अंगात काही उरलंच नव्हतं.

“आपलं काही चुकलं का गं?” भावाने फोनवर विचारलं होतं.

“नाही रे. आजारच भूक मारतो. मी सिद्ध करून दाखवते.”

त्या एका वाक्यावर दोघं भावंडं तगून होती.

“ताई, एक बोलू?”

पिंजऱ्यांची देखभाल करणाऱ्या मावशी भुशाचं घमेलं कमरेवर घेऊन मागे उभ्या होत्या. विभागात सगळे त्यांना उंदरांची आजी म्हणत. “घरच्या नातवंडांपेक्षा बरी ही,” त्या म्हणत, “उलट उत्तर देत नाहीत.”

“बोला.”

“याला भूक आहे.”

“मावशी, दोन दिवसांत खाद्याची एक कांडी संपलेली नाही.”

“संपेल कशी? जाळी वर. खायचं तर मागच्या पायांवर उभं राहून मान उंच करायला हवी. त्याचे पाय बघा तरी. पाण्याची नळी खाली आलीय, तर पाणी पितोय की मुकाट. ताट छताला टांगायचं आणि म्हणायचं, पाहुणा जेवत नाही!”

पूर्वी मावशी आजारी उंदरांसाठी कांड्या भिजवून भुशावरच ठेवायच्या. पहिल्याच आठवड्यात हिने ते बंद करवलं होतं. भुशात मिसळलेलं खाद्य नीट तोलता येत नाही, आकड्यांत घोळ होतो. मावशींनी तेव्हाही तोंड वाकडं केलं होतं. हिने लक्ष दिलं नव्हतं.

“एकदाच खाली ठेवू द्या. तसाही दुपारी जाणारच आहे बिचारा.”

त्याने खाल्लं, तर सहा आठवडे पाण्यात जाणार होते. भावाला दिलेलं उत्तरही जाणार होतं. नाही म्हणायला कारणं होती, आणि ती सगळी शास्त्राला धरून होती.

“ठेवा,” ती म्हणाली.

मावशींनी त्याला पिंजऱ्यात सोडलं आणि भिजवलेली कांडी भुशावर ठेवली. अकरा नंबरने नाक हलवलं. पोटावर सरपटत तो तिथवर गेला. कांडी पंजात धरवेना, तेव्हा ती पिंजऱ्याच्या भिंतीला टेकवली आणि कुरतडायला लागला. मग तो थांबेचना. मावशींनी दुसरी ठेवली. तीही गेली.

तिने स्वतः उठून बाराव्या पिंजऱ्यात कांडी ठेवली. मग तेराव्यात. चौदाव्यात. थोड्या वेळाने खोलीत कुरतडण्याच्या बारीक आवाजाखेरीज दुसरा आवाज उरला नाही.

“वाचला की हो!” मावशी हसत वळल्या, आणि त्यांचं हसू तिथेच राहिलं. “अहो ताई! रडता काय अशा? प्रयोग काय, पुन्हा करता येईल.”

तिने हातमोजे काढले. एक निघाला, दुसरा निघता निघेना.

“आईचे गुडघे आधी गेले,” ती म्हणाली. “डबे काढायला तिला वाकवत नव्हतं. म्हणून मी तिला नवं स्वयंपाकघर करून दिलं, मावशी. सगळी कपाटं वर घेतली.”