समुद्रस्नान

मद्रास मेलने समुद्राच्या पाण्याचे दोन बुधले आले होते. पद्माकरच्या मल्लेश्वरममधल्या घरापर्यंत एकच पोहोचला.

"दुसरा फलाटावरच फुटला की हो, सर. हमालाच्या हातून सुटला," बसवंत म्हणाला. तो खात्याचा ड्रायव्हर, बेळगावकडचा. वेताच्या टोपलीत बसवलेला काचेचा बुधला त्याने जीपमध्ये दोरीने बांधून टाकला होता.

पद्माकरने वाकून उरलेल्या बुधल्याला तडा गेलाय का ते पाहिलं. तो मत्स्यखात्यात संशोधक होता. खात्याच्या टाक्यांत त्याने कावेरीतली कोळंबी वाढवली होती. माद्या अंडी धरायच्या, पिल्लं बाहेर पडायची आणि आठवडा उलटायच्या आत मरून तळाशी बसायची. कोळंबी नदीतली असली तरी तिच्या पिल्लांना आधी खारं पाणी लागतं, हे मलायातल्या कुणी शोधलेलं त्याच्या नुकतंच वाचण्यात आलं होतं. आज पहाटे नवी पिल्लं बाहेर पडली होती. या खेपेलाही मेली तर टाक्या दुसऱ्या कामाला द्यायच्या, असं साहेबांनी सांगून ठेवलं होतं.

आवाज ऐकून त्याची आई, चंपाबाई, पायरीवर आल्या.

"हे खरंच समुद्राचं?"

"हो."

"मग मला एक तांब्या दे. आज सोमवती. डोक्यावरून घेते."

"आई, आधीच कमी पडतंय. एक बुधला फुटला."

"त्यातलं पाणी कुठं गेलं?"

"फलाटावर सांडलं."

"म्हणजे फलाटाला स्नान घडलं."

बसवंतने मान वळवून हसू दाबलं. "स्वल्प द्या की, सर, आज्जींना."

पद्माकरने बुधल्याकडे पाहिलं. "पुढच्या वर्षी तुला गोकर्णाला नेतो," तो म्हणाला.

"तुझे वडीलही हेच म्हणायचे." चंपाबाईंच्या आवाजात राग नव्हता. त्या आत गेल्या.

खात्याच्या टाक्यांपर्यंत वाटभर पद्माकर जीपमध्ये बुधल्याला हात लावून बसला होता.

पाण्यात निम्मं गोडं पाणी मिसळलं, तरी टाकी भरेना. त्याने मोठ्या काचपात्रात मावतील तेवढीच पिल्लं सोडली. त्यातलीही बरीच मेली. काही राहिली. डोकं खाली करून उलटी पोहणारी ती पिल्लं महिन्याभराने एका सकाळी पात्राच्या तळाशी पायांवर चालताना दिसली. नखाएवढी, पण पुरती कोळंबी. साहेब येऊन वाकून पाहून गेले. टाक्या राहू देत, म्हणाले.

पिल्लांना आता खाऱ्या पाण्याची गरज नव्हती. पद्माकरने ती गोड्या पाण्याच्या टाकीत हलवली. बसवंत काचपात्र मोरीत उपडं करणार, तोच पद्माकर म्हणाला, "थांब. बादली आण."

संध्याकाळी ती बादली घरी आली. त्या घरात जेवताना कोळंबीचं नाव काढायचीही सोय नव्हती. पाणी पिवळट दिसत होतं आणि त्याला वास येत होता.

"समुद्राचंच आहे," पद्माकर म्हणाला. "पण निम्मं गोडं आहे. आणि पिल्लं यातच होती, तेव्हा घाणही आहे. नको वाटलं तर ओतून देतो."

चंपाबाईंनी वाकून वास घेतला. त्यांनी नाकाला पदर लावला.

"जगली?"

"जगली. सगळी नाही."

"आज अमावास्या नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

त्यांनी नाकावरचा पदर काढून कमरेला खोचला. मग तांब्या घेऊन मागच्या अंगणातल्या धुण्याच्या दगडावर नेसत्या लुगड्यानिशी बसल्या. डोळे मिटून त्यांनी पहिला तांब्या डोक्यावरून घेतला. पाणी तोंडावरून ओघळलं. त्यांनी ओठांवरून हळूच जीभ फिरवली.

"खारट आहे रे," त्या म्हणाल्या आणि डोळे न उघडता रिकामा तांब्या पुढे केला. पद्माकरने बादली उचलून तिरपी धरली.