दहा पावलं

"डोळे मिटा, साहेब. दोरा टेकला की 'हो' म्हणा."

म्हाताऱ्याने डोळे मिटले. उघडे ठेवले असते तरी बिघडलं नसतं. साखरेने उजवा डोळा पुरता नेला होता आणि डाव्याला आता माणूस आणि कपाट यांच्यात फारसा फरक वाटत नव्हता.

कारागिराने नायलॉनचा ताठ दोरा तळव्याला लावला. टाच. चवडा. अंगठ्याखालचा उंचवटा. मग करंगळीची जागा, जिथे करंगळी नव्हती.

"सुरू करा की," म्हातारा म्हणाला.

"झालंसुद्धा."

सोबत आलेली सून हसली नाही. "म्हणजे यांना काहीच लागत नाही?"

"निखाऱ्यावर उभं केलंत तरी तुमच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारतील," कारागीर म्हणाला. "म्हणून तर बूट नीट हवेत."

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून त्याची खोली होती. मधुमेहाने बधिर झालेल्या पायांसाठी तो तिथे अठरा वर्षं बूट बनवत होता. डॉक्टर मंडळीही पाय त्याला दाखवूनच पुढचं ठरवत. हा पाय मात्र त्याने आवाजावरून ओळखला होता. दारातून "कुठंय तो बूटवाला?" असं ऐकलं आणि डाव्या हाताची नसलेली दोन बोटं ठणकली.

"कुठल्या कामात होतात, साहेब?"

"बुटांच्याच. कारखान्यात फोरमन होतो. हाताखाली चाळीस माणसं."

"सगळी धड राहिली?"

"कामचुकार सोडले तर."

कारागिराने मान डोलावली आणि माप लिहून घेतलं. चामडं कापायच्या यंत्राची जाळी याच फोरमनने काढायला लावली होती. जाळीमुळे काम रेंगाळतं म्हणे. आठवडाभरात यंत्राने दोन बोटं घेतली. हाताला रुमाल गुंडाळत फोरमन म्हणाला होता, "जरासं तर लागलंय." मग अहवालात लिहिलं, कामगार बेसावध होता. नोकरीही गेली. म्हातारा हे विसरला होता असं नाही. विसरायला आधी लक्षात ठेवावं लागतं.

"आठ नंबर," कारागीर म्हणाला. "पाय माझ्याच मापाचा आहे तुमचा. वजन मात्र निम्मं."

"साखरेने वाळवलं हो. तुम्ही खाऊनपिऊन सुखी दिसता."

"दृष्ट लावू नका."

बुटांना बारा दिवस लागले. एरवी सहा लागत. डाव्या बुटात, अंगठ्याखालच्या उंचवट्याशी, त्याने एक बारीक खिळा टोक वर करून बसवला. त्यावर मऊ स्पंजचे तीन थर. फोरमनचं वजन, त्याची चाल, स्पंजचं दबणं, सगळं मांडून पाहिलं. दीड महिन्याने टोक वर यायला हवं होतं. मग जखम. लागणार नाही, दिसणार नाही. सुनेला कळेल ते वासावरून. पुढे अंगठा, मग चवडा, मग घोटा. हा क्रम त्याला तोंडपाठ होता. इतकी वर्षं तो लोकांना याच क्रमापासून वाचवत आला होता.

त्या बारा दिवसांत तो घरीदारी हरवल्यासारखा वागला. दिवसाला चार बाटल्या पाणी संपायचं. एकदा एक चप्पल रस्त्यातच कुठे सुटली. ते त्याला उंबऱ्याशी आल्यावर दिसलं.

"बूटवाल्याचीच चप्पल पळाली," बायको हसली. मग हसायची थांबली. "अहो, एकदा रक्त तपासून घ्या. रोज तिथेच तर असता."

"डोक्यात काम असतं माझ्या," तो म्हणाला. तेवढं खरं होतं.

तेराव्या दिवशी सासरे-सून आले. कारागिराचा एक नियम होता: गिऱ्हाइकाचा जोड आपल्या मापाचा निघाला की तो स्वतः मोज्यांशिवाय घालून त्याच्यासमोर दहा पावलं चालायचा. शिवण कुठे टोचते ते कातडीच सांगते, असं त्याचं म्हणणं होतं. आज नियम मोडला तर संशय यायचा. आणि भीती कसली? टोक तीन थरांखाली होतं.

दारापर्यंत पाच पावलं, परत पाच. कुठे काही लागलं नाही.

"लोणी आहे," त्याने बूट काढून सुनेसमोर टेबलावर ठेवले. तसाच अनवाणी कपाटापर्यंत जाऊन खोका आणला आणि स्टुलावर बसला. "ताई, शिकवलंय ना? घालायच्या आधी आत हात फिरवायचा. रोज."

हे तो मुद्दाम म्हणाला. तिच्याच हातून खात्री करून घेण्याची मजा त्याला सोडवेना.

तिने उजव्या बुटात हात फिरवला. ठीक. डाव्यात घातला आणि तो आतच थबकला. बाहेर आला तेव्हा बोटं लाल होती.

"काय गं?" फोरमनने विचारलं.

"बाबा, आत रक्त आहे."

"बोट कापलं तुझं?"

तिने रुमालाने बोटं पुसून एकेक पाहिलं. "नाही. माझं काही नाही."

"मी तर अजून जुन्याच बुटांत आहे."

सुनेची नजर खाली गेली. टेबलापासून कपाटापर्यंत आणि कपाटापासून स्टुलापर्यंत, फरशीवर एकाआड एक लाल ठसे उमटले होते.

"अहो कारागीर," ती हळू म्हणाली, "तुमचा पाय."

कारागिराने खाली पाहिलं. डावा पाय उचलला. मग खाली ठेवला, पुन्हा उचलला.

फोरमनने टेबल चाचपलं. त्याच्या हाताला नायलॉनचा दोरा लागला.

"कारागीर," तो म्हणाला, "जरा डोळे मिटा बघू."