विकलेला नंबर

"खराबी दाखव," इंद्रकुमार म्हणाला. "खराबी असेल तर आत्ताच्या आत्ता बदलून देतो."

हिरालालने फोन काउंटरवर ठेवला. फोनमध्ये खराबी काहीच नव्हती, हीच तर अडचण होती.

आमगावच्या स्टेशन रोडवरचं हे दुकान इंद्रकुमारचं. माणूस व्यवहाराला चोख. आवाज मात्र पातळ, चिरका, हजारात ओळखू येणारा. बाजारातले लोक पाठीमागे त्याची नक्कल करत आणि समोर आले की रिचार्ज मारून घेत.

हिरालाल राइस मिलमध्ये मशीनवर होता. तीन आठवड्यांपूर्वी त्याने इथून फोन घेतला, नंबर आणि दोन वर्षांच्या प्लॅनसकट. प्लॅन मध्येच सोडता येत नाही, दुसरं सिम टाकलं की फोन लॉक. कागदावर सगळं लिहिलं होतं, आणि जग करते तशीच, न वाचता, त्यानेही सही केली होती. स्वस्तात मिळाला याचंच कौतुक. त्या दिवशी त्याच्या आधीच्या चार गिऱ्हाइकांना इंद्रकुमारने स्कीम संपली म्हणून वाटेला लावलं होतं. हिरालालला मात्र स्टूल दिलं, चहा पाजला, घरचं विचारलं, मिलचं विचारलं, अर्धा तास बोलतं ठेवलं. वर म्हणाला, "आवाज मस्त आहे रे तुझा."

आज चहा नव्हता.

"मी हेल्पलाइनले लावला होता फोन," हिरालाल म्हणाला. "ग्राहकवाल्या."

"मग? काय म्हणाली मॅडम?"

"दुकानात पाहून घेतला तं नुसतं मन बदललं म्हनून वापस नाही होत म्हने. खोट पाहिजे. नाही तं दुकानदारानं काही लपवलं पाहिजे."

"बरोबर सांगितलं. मी काय लपवलं?"

"नंबर आधी कोनाचा होता, थे."

इंद्रकुमार हसला. "बंद पडलेले नंबर कंपनी फिरवत राहते, राजा. कोणाचा होता हे मला कसं माहीत राहील? दुकान आहे माझं, ज्योतिषाचं घर नाही."

हिरालाल काउंटरवर वाकला. मग हळूच बोलला.

"रोज सात वाजता फोन येते. म्हातारी हाये. नागझिऱ्याकडची कुठची तरी. 'दुधराम, जेवला का?' मी दुधराम नोहो, वीस खेपा सांगितलं. तं म्हनते, 'रागावला का रे? आवाज तं तुयाच हाये.'"

"ब्लॉक कर."

"केली. तं शेजाऱ्यायच्या फोनवरून लावते. आन दरदिवशी एकच पुसते, 'थंडी वाजून राहिली का रे तुले?' सांगा तुमी! एप्रिलच्या महिन्यात, रस्त्याचं डांबर वितळून राहिलं, आन हे थंडीचं पुसते. तिनं पुसलं का माह्या अंगावर काटा येते. खरंच थंडी वाजते मले."

इंद्रकुमारने काच पुसायला घेतली. काच स्वच्छच होती.

"सात वाजले का माही बायको भूमिका पोरीले घेऊन शेजारी जाऊन बसते," हिरालाल म्हणाला. "काल बोलली, घरात हा फोन राहीन, नाही तं मी. कागद फाडा भाऊ. फोन ठेवून घ्या, पैसे बी नोको मले."

"कागद कंपनीचा आहे. माझ्या हातात असतं तर फाडला असता."

"मंग पोलीस मलेच उचलतीन."

इंद्रकुमारचा हात थांबला. "पोलीस कुठून आले यात?"

"काल म्हातारी म्हने, सोमवारी ठान्यात जातो. चार महिने झाले, पोरगा घरी नाही, फोनवर ओळख देत नाही. हा नंबर देतो पोलिसायले. आता कोनापाशी येतीन थे? ज्याच्या हातात नंबर त्याच्यापाशी."

इंद्रकुमारने फडकं घडी करून ठेवलं. थर्मास उघडला आणि दोन कप भरले.

"बस," तो म्हणाला. "देख हिरालाल, प्लॅन नाही तुटत. पण तुझं काम करून देतो. लाव तिला फोन."

"आन काय बोलू?"

"तिला जे ऐकायचं आहे ते. हैदराबादला आहे, काम बरं आहे, दिवाळीला येतो. झालं. पोलीस नाही, आणि घरवाली घरात."

"खोटं बोलू?"

"वीस वेळा खरं बोललास. ऐकलं तिनं? तिला पोरगा भेटते, तुला झोप भेटते. कोणाचं काय गेलं?"

हिरालालला यात तोटा सापडला नाही. त्याने नंबर लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"माय..."

इंद्रकुमारने मान हलवली आणि कागदाच्या तुकड्यावर पटकन लिहून समोर धरलं: माय नाही, बाई म्हण.

"बाई," हिरालाल म्हणाला, "मी दुधराम."

पलीकडून म्हातारीचा आवाज आला.

"एवढे दिस नाही काऊन म्हनत होता रे?"

"रागात होतो, बाई. हैदराबादले हावो. काम लागलं चांगलं. दिवाळीले येतो."

"थंडी वाजून राहिली का?"

"नाही, बाई. आता नाही वाजत."

"मंग बरं. मंग मी नाही जात ठान्यात. कायले जाऊ? पोरगा बोलला." आणि ती रडायला लागली, अगदी हलक्या आवाजात, कोणाला त्रास होऊ नये अशी.

फोन ठेवला तेव्हा हिरालालचेही डोळे भरले होते. अंगावरच्या काट्याचा आता मागमूस नव्हता. उलट पुण्य केल्यासारखं हलकं वाटत होतं.

"नाही जात म्हने ठान्यात," तो म्हणाला.

"पाहिलं? रोजची दोन मिनिटं काढ तिच्यासाठी. प्लॅन दोन वर्षांचा आहेच." ज्याने आजवर पिशवीसुद्धा फुकट दिली नव्हती, त्या इंद्रकुमारने स्वतःच्या हाताने त्याच्या फोनला नवी काच चढवून दिली.

"मानूस म्हनावं तं तुमी, भाऊ," हिरालाल म्हणाला आणि शिट्टी वाजवत घरी गेला.

सोमवारी इंद्रकुमारने दुकान उघडलं नाही. दुकानामागच्या कोरड्या विहिरीच्या काठावर उभं राहून तो एकेक घमेलं मुरूम आत लोटत राहिला, आणि दुपार होईस्तोवर खालचा दुधराम दिसेनासा झाला.