सहा पायांचा पाहुणा

"दोनच टाके राहिलेत, पोटं आत घ्या," बाहेरून इंदुताई म्हणाल्या आणि परग्रहावरच्या प्राण्याची शिवण बंद झाली. आत तिघं होते. तोंडाशी सारंग, शेपटीकडे हर्षद, आणि मधोमध, जिथून काहीच दिसत नाही तिथं, मेधा. इंदुताई सारंगच्या आत्या. गेल्या वर्षी चेन दिसली म्हणून परीक्षकांनी नाक मुरडलं होतं. यंदा त्यांनी प्राणी सरळ शिवूनच टाकला. मग कात्री पर्समध्ये घालून त्या पहिल्या रांगेत जागा धरायला गेल्या.

विज्ञानकथांच्या चाहत्यांचं संमेलन हायटेक सिटीतल्या त्या हॉलमध्ये दरवर्षी भरे आणि हे तिघं कॉलेजपासून दरवर्षी वेषभूषेच्या स्पर्धेत उतरत. पाच मिनिटांत तुमचाच नंबर, असं सांगितल्यावर शिवून घेतलं होतं. पण आधीच्या रोबोटची बॅटरी ऐन स्टेजवर बसली, आणि त्याला उचलायला माणसं मिळेनात. तास होत आला. चार वाजता शहराच्या दुसऱ्या टोकाला, नारायणगुड्यात, राणीच्या शाळेचं नाटक होतं. राणी म्हणजे मेधाची आठ वर्षांची लेक. तू समोर बसलीस तरच मला बोलता येईल, असं तिनं सकाळी वेणी घालून घेताना बजावलं होतं, आणि मेधानं हो म्हटलं होतं. मेधा सगळ्यांनाच हो म्हणायची. भीड ही भिकेची बहीण, हे तिला कळत होतं, पण वळत नव्हतं.

जुन्या ब्लँकेटांच्या त्या पोटात उकडून जीव जात होता. मेधाच्या एका हातात पोटाची कडी होती. ती सोडली की पोट बसे. दुसऱ्या हातात मानेची दोरी. ती ताणून धरली की प्राण्याची मान वर राही, सैल सोडली की खाली येई आणि प्राणी "हो" म्हणे. मान आडवी हलवायची सोय सारंगनं केलीच नव्हती. नाही म्हणायची वेळ कशाला येईल, असं त्याचं म्हणणं.

खिशातला फोन थरथरला आणि थांबला. घेणार कुठल्या हातानं?

"सारंग, मला जायचंय," ती म्हणाली.

"नक्को टेन्शन घेऊ. आता आलाच नंबर."

"नुसतं आज नाही. पुढच्या वर्षीपण नको मला हे. मी तुझ्यासाठी येते रे. तुझी आई गेल्यावर तुझ्याकडे हा एकच दिवस उरलाय, असं वाटायचं मला."

पुढचे दोन पाय हलायचे थांबले.

"मी तर हर्षदसाठी येतो," सारंग म्हणाला. "पुण्याहून आला तेव्हा म्हणायचा ना, इथं मला तुमच्याशिवाय कोण आहे म्हणून."

"ते कॉलेजात," शेपटीतून आवाज आला. "आता माझी सोसायटीच अर्धी पुण्याची आहे. मला वाटायचं, मेधाला आवडतं. ती कधी नाही म्हणाली नाही."

खरं तर तिघांनी पोट धरून हसायला हवं होतं. इतकी वर्षं एकमेकांची मनं राखली, सुट्ट्या घालवल्या, घरच्यांची बोलणी खाल्ली, आणि हौस म्हणाल तर तिघांत मिळून एकालाही नव्हती. पण हसलं कुणीच नाही. मेधाला रडू फुटलं. फाडून टाका हे, ती म्हणाली. हर्षद नखांनी शिवण चाचपू लागला. दिवाळीपासून प्राणी शिवत बसलेल्या इंदुताईंची ती शिवण. तिचा एक दोरा निघेल तर शपथ. तेवढ्यात स्टेजवरून नाव पुकारलं गेलं, कुणीतरी मागून शेपटी ढकलली, आणि सवयीनं सारंगचे पाय चालू लागले. पुढचा चालला म्हणून मधलीला चालावं लागलं.

टाळ्यांनी हॉल दणाणला. परीक्षकांनी सांगितलं, आत तीन माणसं आहेत असं वाटतच नाही, एकजीव झालेत अगदी. पहिलं बक्षीस त्यांनाच मिळालं. मग निवेदकानं माइक प्राण्याच्या तोंडापाशी नेला.

"क्या मियाँ, अगले साल भी आते ना?"

हॉल शांत झाला. सगळे मान हलायची वाट पाहू लागले. मेधानं दोरी घट्ट ताणून धरली. मान ताठ राहिली. निवेदकानं पुन्हा विचारलं. मागून कुणीतरी "हौ बोलो, हौ बोलो", हो म्हणा, असं सुरू केलं आणि हॉलनं ते उचलून धरलं. मेधाच्या हाताला कळ लागली, बोटं बधिर झाली, तरी तिनं दोरी सोडली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ती इतक्या लोकांना नाही म्हणत होती. हर्षदनं मागून हळूच तिच्या पाठीवर हात ठेवला.

फोन पुन्हा थरथरला. तिच्या नवऱ्याचा, श्रीकांतचा असणार; तो राणीला घेऊन कधीच शाळेत पोचला होता. या वेळी मेधानं विचार केला नाही. तिनं दोरी सोडली आणि खिशात हात घातला.

प्राण्याची मान धपकन खाली आली.

"हौ बोला! देखो, हौ बोला!" निवेदक ओरडला. टाळ्या आणि शिट्ट्यांनी छत हाललं. मेधानं कडीही सोडून एक कान हातानं झाकला, दुसऱ्याला फोन लावला. पलीकडे शाळेच्या पडद्यामागून राणीचा आवाज आला.

"आई, टाळ्या ऐकू येतायत मला. आलीस ना तू?"