मर्यादेतली हवा

"तिरफळां घातलीस काय गो ह्यात? वास म्हणून नाय कसला!" सदूने बांगड्याच्या तिखल्याचं ताट भिंतीवर फेकलं आणि विमलाच्या झिंज्या धरून तिचं डोकं ओट्यावर आपटलं. तिखल्याचा घमघमाट शेजारच्या घरापर्यंत गेला होता. पण कंपनीत केमिकलच्या टाकीवर काम करायला लागल्यापासून सदूला कसलाच वास येत नव्हता, आणि त्याचा मार रोज विमला खात होती.

कपाळाचे टाके ओले असतानाच ती कंपनीच्या डॉक्टरांना जाऊन भेटली. ते हसले. "हवेत किती वाफ चालते, ती मर्यादा मीच ठरवून दिलीय, वहिनी. आमची हवा मर्यादेत आहे. तुमच्या नवऱ्याला मी स्वतः तपासलंय. नाक एकदम ठणठणीत! तुम्हीच जरा जेवण चवीचं करा."

रविवारी सदू दुपारचा घोरत पडला होता. विमलाने खिडक्या लावल्या, शेगडीचं बटण फिरवलं, काडी मात्र ओढली नाही, आणि देवरूखला माहेरी जायला ती एस्टीत बसली. सदूने उठल्या उठल्या बिडी पेटवली. घराची कौलं शेजारच्या माडावर जाऊन पडली.

"घरभर गॅस कोंडलेला," हवालदाराने विचारलं, "त्याला वास येत नव्हता काय?"



विमलाने डोळ्यांना पदर लावला. "न यायला काय झालं? कंपनीच्या डॉक्टरांनीच सांगितलंय, नाक एकदम ठणठणीत म्हणून."